लोर्काची ‘येर्मा’ मराठीत कशी म्हणायची? वांझ, पडीक की आणखी काही?

प्रश्न

नमस्कार. आमच्या नाट्यवाचनाच्या गटानं यंदा स्पॅनिश नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्काचं ‘येर्मा’ घ्यायचं ठरवलंय. मूल होत नाही म्हणून झुरणाऱ्या येर्मा नावाच्या बाईचं हे नाटक. मला स्पॅनिश वाचता येतं, म्हणून मराठी संहिता करायचं काम माझ्याकडे आलं. पण नावाशीच अडले आहे. बहुतेक परिचयांमध्ये ‘येर्मा म्हणजे वांझ’ एवढंच सांगून पुढे जातात. कोशात मात्र ‘येर्मो’चा अर्थ ओसाड, वस्ती नसलेलं, लागवड न केलेलं असा दिलाय. त्यात बाईचा उल्लेखच नाही. मग मराठीत कुठला शब्द धरायचा? नाटकात मूल नसण्याबद्दल आणखीही बरेच शब्द येतात, त्यांचीही चर्चा झाली तर फार मदत होईल.

प्रतिसाद

ताई, शीर्षकाला तरी ‘वांझ’ घेऊ नका. कोशानं तुम्हाला बरोबर दिशा दाखवलीय. ‘येर्मो’ हे जमिनीचं विशेषण आहे. लॅटिनमधल्या ‘एरेमुस’वरून ते आलं आणि त्याच्याही मागे ग्रीक ‘एरेमोस’ आहे, म्हणजे निर्जन, सुनसान. लोर्कानं त्याचं स्त्रीलिंगी रूप घेऊन बाईचं नाव केलं. स्पेनमध्ये मुलींना हे नाव सहसा ठेवत नाहीत. नाव कानावर पडताच स्पॅनिश प्रेक्षकाला आधी रान दिसतं, मग बाई.

‘वांझ’ आला की निकाल लागून जातो. दोष बाईत आहे, तो जन्माचा आहे आणि विषय संपला, असं तो शब्द सांगतो. नाटक नेमकं हेच सांगत नाही. येर्माला मूल का होत नाही याचं ठाम उत्तर लोर्कानं दिलेलंच नाही. उलट तिसऱ्या अंकात ती म्हातारी (पात्रयादीतली ‘पाखंडी म्हातारी’) स्पष्ट म्हणते की दोष तुझ्या नवऱ्याचा आहे. त्याचा बाप, आजा, पणजा, कुणातच धमक नव्हती, त्या घराण्यात एक पोर व्हायचं तर आभाळ आणि धरती एकत्र यावी लागते, सगळे थुंकीचे बनलेत. इतकं ऐकवणाऱ्या नाटकाच्या कपाळावर ‘वांझ’ लिहिणं म्हणजे तिला नावं ठेवणाऱ्या गावातल्या बायांची बाजू घेणं.

मला ‘पडीक’ जवळचा वाटतो. पडीक जमीन पिकतच नाही असं नाही, तिच्यात कुणी पेरलेलं नाही.

लोर्का हे कुठून बोलतो तेही लक्षात घ्या. त्याचा जन्म ५ जून १८९८चा, ग्रॅनाडाजवळच्या फुएन्ते वाकेरोस गावचा. हा भाग ‘वेगा’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे नदीकाठची पाटपाण्याची सपाट, सुपीक जमीन. वडील मोठे बागायतदार. क्युबाची वसाहत हातून गेल्यावर स्पेनमध्ये साखरेसाठी बीटाला जो भाव आला, त्यात त्यांचा चांगला जम बसला. आई शाळाशिक्षिका. १९३४च्या एका मुलाखतीत त्यानं लहानपणची आठवण सांगितलीय: शेतात नवा लोखंडी नांगर चालला होता, तो कशाला तरी अडला आणि मातीतून रोमन काळातल्या मोझेइकचा तुकडा वर आला. माझं कलेतलं पहिलं आश्चर्य जमिनीशी जोडलेलं आहे, असं तो म्हणतो. त्याच वर्षी, २९ डिसेंबर १९३४ला, माद्रिदच्या तेआत्रो एस्पान्योलमध्ये ‘येर्मा’चा पहिला प्रयोग झाला. मार्गारिता शिर्गू येर्मा झाली होती.

आणखी एक. लोर्काच्या वडिलांचं आधी एक लग्न झालं होतं. ती बाई, मातिल्दे पालासिओस, मूलबाळ न होताच वारली. ‘जी माझी आई होऊ शकली असती’ अशा त्या दुसऱ्या बाईच्या तसबिरी आणि चांदीचे काटेचमचे यांनी आपलं बालपण व्यापलं होतं, असं त्यानं स्वतः सांगितलंय. मूल न झालेल्या बाईकडे तो फक्त बाहेरून पाहत नव्हता, हे मला यातून फार जाणवतं.

प्रतिसाद

वरच्या दादांना दुजोरा देतो, पण शेतीतल्या शब्दांबाबत थोडी भर घालतो. आमची जमीन सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात आहे. आमच्याकडे ‘पड’ आणि ‘पडीक’ यांत फरक करतात. रान मुद्दाम एखादं साल विसाव्याला ठेवलं तर ‘पड टाकलंय’ म्हणतात. त्यात वाईट काही नाही, पुढच्या साली ते जोमानं पिकतं. ‘पडीक’ म्हणजे कुणी कसायचंच सोडलेलं. बांध फुटलेले, हरळी माजलेली. ‘बरड’ वेगळं. तिथं मुरूम वर आलेला असतो, कितीही राबा, हाती काही लागत नाही. आणि ‘ओसाड’ म्हणताना माणूस नाही हे आधी मनात येतं. ओसाड गाव म्हणतो, ओसाड वाडा म्हणतो.

म्हणजे ‘वांझ’ म्हणणारे तिला बरड ठरवतात आणि नाटककार पडीक म्हणतोय, असं मला तुमच्या म्हणण्यावरून समजलं. बरोबर ना?

प्रतिसाद

अगदी बरोबर, आणि बरडचा मुद्दा तुम्ही नेमका आणलात. येर्माचं स्वतःचं वाक्य ऐका. पहिल्या अंकात ती नवऱ्याला म्हणते की पाऊस पडून पडून दगडसुद्धा मऊ होतात आणि त्यांतून पिवळ्या फुलांचं तण उगवतं. लोक म्हणतात त्या तणाचा काही उपयोग नाही, पण मला तर त्याची पिवळी फुलं वाऱ्यावर डुलताना दिसतात. बरडातही उगवतं, पाणी पाहिजे, असं ती सांगतेय.

आणि पाणी नवरा देतो कुणाला? पहिल्या अंकाच्या शेवटी हुआन तिला सांगतो: ‘मी रात्रभर पाणी देत राहणार. पाणी थोडंच येतंय, सूर्य उगवेपर्यंत ते माझं आहे, आणि चोरांपासून राखायला हवं. तू जाऊन नीज.’ मराठी संहितेत हे सहज बसतं, कारण आपल्याकडे हे आयुष्य जसंच्या तसं आहे. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन रानात जातो, दारं धरतो (म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवतो), वरच्या अंगाला कुणी पाणी फोडून घेत नाही ना यावर डोळा ठेवतो. तेव्हा ताई, इथं ‘सिंचन’ वगैरे लिहू नका. ‘आज रात्री माझी पाळी आहे, दारं धरायला जातो’ असं लिहा. सगळं नाटक त्या एका वाक्यात आहे. रानाला पाळीनं पाणी मिळतं, घरच्या बाईचा नंबर कधीच लागत नाही.

आता तुमच्या संहितेतला सगळ्यात अवघड शब्द. शेवटच्या प्रवेशात म्हातारी येर्माला म्हणते, माझ्या मुलाबरोबर चल, त्याच्यापासून तुला मूल होईल. तहान लागली की माणूस पाण्याला नाही म्हणत नाही. येर्मा उत्तर देते: ‘मी कोरड्या रानासारखी आहे, हजार बैलजोड्या नांगरत फिरतील एवढं रान, आणि तू मला देतेस विहिरीचं इवलंसं पेलाभर पाणी.’ म्हातारी चिडते. म्हणते, मग राहा तशीच, ‘सेकानो’तल्या काटेरी झुडपासारखी, टोचरी, ‘मार्चिता’.

‘सेकानो’ला आपल्याकडे तयार शब्द आहे: जिरायत. नुसत्या पावसावरची जमीन. स्पॅनिशमध्ये ‘सेकानो’ आणि ‘रेगादिओ’ ही जोडी, आपल्याकडे जिरायत आणि बागायत, किंवा कोरडवाहू आणि ओलिताची. अनुवादात इतकी तंतोतंत जोडी क्वचित मिळते, ती सोडू नका.

‘मार्चिता’ म्हणजे कोमेजलेली, सुकून गेलेली. तो शब्द ऐकून येर्मा हादरते. म्हणते: ‘लग्न झाल्यापासून हाच शब्द मनात घोळवत आलेय, पण आज पहिल्यांदा ऐकला, पहिल्यांदा कुणी तोंडावर म्हटला. पहिल्यांदा दिसतंय की तो खरा आहे.’ थोड्या वेळात ती नवऱ्याचा गळा दाबते. म्हणजे नाटक या एका शब्दावर उलटतं. इथं ‘कोमेजलेली’ टाकलं तर फुलदाणीतलं फूल डोळ्यांपुढे येतं, फार नाजूक होतं. माझं मत ‘करपलेली’. पाण्यावाचून उभं पीक करपतं. शब्दात राग आहे, शेत आहे, आणि एके काळी हिरवं होतं हेही आहे. शेवटच्या संवादात ‘मार्चिता’ पुन्हा येतो आणि मागोमाग ‘कायमचं कोरडं झालेलं शरीर’ असंही ती म्हणते. ‘करपले’ आणि ‘कोरडं’ हे दोन शब्द वेगळे ठेवा.

प्रश्नकर्ती

किती उपयोगी पडलं हे, मनापासून आभार. ‘करपलेली’ घेतेच. आणखी दोन गोष्टी. नदीवर धुणं धुणाऱ्या बायांच्या प्रवेशात ‘माचोर्रा’ असा शब्द आहे, त्याचं काय करू? आणि ‘येर्मा’ मराठीत ‘चांगुणा’ नावानं झालं होतं असं ऐकलंय. तेच नाव घ्यावं का?

प्रतिसाद

‘माचोर्रा’साठी मात्र ‘वांझोटी’च. मघाशी नको म्हटलेला शब्द इथं हक्कानं वापरा. ‘माचो’ म्हणजे नर, त्यावरून झालेला हा शब्द गाभण न राहणाऱ्या मादीला लावतात आणि बाईला शिवी म्हणून वापरतात. धुणाऱ्यांपैकी एक म्हणते की या माचोर्रा असतात अशाच. घरी बसून लेस विणायची, सफरचंदाचा मुरंबा घालायचा, ते सोडून यांना छपरावर चढायला आणि नदीतून अनवाणी फिरायला आवडतं. हे गावाचं तोंड आहे, तिथं शब्द बोचलाच पाहिजे. याच बायांच्या गाण्यात ‘कासादा सेका’ येतं, सुकी लग्नाची बाई, जिच्या छातीत वाळू आहे. तिथं काहीजण ‘भाकड’ सुचवतील. भाकड गाय आटलेली असते, पण ती आधी व्यालेली असते, म्हणून तो बसत नाही. ‘कोरडी’ पुरे, गाण्यात म्हणायलाही सोपं.

‘निपुत्रिक’ कुठेच वापरू नका असं म्हणणार होतो, पण तुम्ही ‘चांगुणा’चा विषय काढलात म्हणून थांबतो.

‘चांगुणा’ जयदेव हट्टंगडींनी बसवलं होतं आणि रोहिणी हट्टंगडी त्यात मुख्य भूमिकेत होत्या. ते नाव सुचणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. श्रियाळ राजा आणि राणी चांगुणा यांची कथा आपल्या आज्यांना तोंडपाठ असायची, शिवलीलामृतातही आहे. शंकर अतिथी होऊन येतो आणि त्यांच्या चिलया बाळाचं मांस मागतो. चांगुणा पोराला मारून रांधते. शिर आठवणीसाठी बाजूला ठेवते, तर अतिथी तेही मागतो, उखळात कांडायला लावतो, आणि डोळ्यांत पाणी आणायचं नाही म्हणतो. एवढं झाल्यावर पान मांडलं की तो म्हणतो, मी निपुत्रिकाच्या घरी जेवत नाही, मुलाला हाक मार. ती हाक मारते आणि बाळ धावत येतं.

आता येर्माचं शेवटचं वाक्य घ्या. नवरा पायाशी मरून पडलाय, लोक जमताहेत, आणि ती ओरडते: ‘जवळ येऊ नका, मी माझ्या मुलाला मारलंय, मी स्वतः माझ्या मुलाला मारलंय!’ मराठी प्रेक्षकाच्या मनात चांगुणेचं उखळ असेल तर हे वाक्य किती खोल जाईल! त्या कथेत हाक मारली की मूल परत येतं. इथं जे जन्मलंच नाही ते मारलं गेलंय, परत कोण येणार? म्हणून ‘निपुत्रिक’ हा शब्द त्या रूपांतरात चपखल बसेल, तो चांगुणेच्या कथेतलाच आहे.

पण तुमचा गट रूपांतर करतोय की अनुवाद, ते आधी ठरवा. गाव स्पेनमधल्या अंदालुसियातलंच ठेवणार असाल तर नाव ‘येर्मा’च असू द्या आणि अर्थ संवादांतून पोचवा: एखाद्या ठिकाणी तिच्याच तोंडी ‘पडीक रान’ घाला. गाव आपल्याकडचं करणार असाल तर चांगुणेला तोड नाही. लोर्काचं ‘बेर्नार्दा आल्बाचं घर’ हे नाटक गोविंद निहलानींनी ‘रुक्मावती की हवेली’ हा चित्रपट करताना थेट राजस्थानात नेलं होतं, तिथं नावं बदलणंच योग्य होतं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे केलं की दोन्ही हातचं जातं.

प्रतिसाद

सांगलीहून पुन्हा एकदा. शेवटच्या अंकातल्या यात्रेला काय म्हणणार? तिथं बाया मूल मागायला जातात ना?

प्रतिसाद

हो, मूळ शब्द ‘रोमेरिया’. ‘जत्रा’ म्हणावं. ‘यात्रा’ म्हटलं की चालत जाण्यावर भर जातो, आणि इथं तर दारू, नाच, मुखवटे, टपून बसलेले परगावचे पुरुष, सगळंच आहे. बाया तिथं नवस बोलायला जातात, तेव्हा ‘नवसाची जत्रा’ म्हटलं तरी चालेल. ग्रॅनाडा जवळच्या मोक्लीन गावात कापडावर रंगवलेल्या ख्रिस्ताची अशी जत्रा भरायची, मूल नसलेल्या बाया तिथं जायच्या. लोर्काच्या डोळ्यांसमोर तीच होती.

हा प्रवेश डोंगरातल्या एका ‘एर्मिता’पाशी घडतो, म्हणजे एकांतातलं लहानसं देऊळ. ‘एर्मिता’ आणि ‘येर्मा’ दोन्ही त्याच ‘एरेमोस’मधून आलेत. मराठीत हे नातं जपणारी जोडी मला तरी सापडलेली नाही. ‘रानातलं देऊळ’ म्हटलं तर येर्माच्या ‘कोरड्या राना’शी निदान एक धागा राहतो, म्हणून मी ‘चॅपेल’पेक्षा तेच घेईन.