मदत हवी आहे: अंबाझरीवर हेडर आला की टॅक नेमका कधी करायचा?

नमस्कार मंडळी. नागपुरात अंबाझरी तलावावर नेव्हल एनसीसीच्या कॅडेट्सचा शिडाच्या बोटींच्या शर्यतीचा सराव सुरू आहे, बोटी एंटरप्राइज वर्गाच्या. ‘हेडरवर टॅक, लिफ्टवर चालत राहा’ हे पोरांना पाठ आहे; म्हणजे वारा पुढच्या बाजूला फिरून नाक खाली न्यावं लागलं (हेडर) की नाक वाऱ्यातून वळवून दुसरी बाजू घ्यायची (टॅक), आणि वारा मागच्या बाजूला फिरून नाक आणखी वर नेता आलं (लिफ्ट) की तसंच चालायचं. पण तलावावर वारा सारखा फिरतो आणि जी बोट सर्वांत जास्त टॅक करते तीच मागे राहते. किती अंशांचा हेडर टॅक करण्याजोगा मानायचा? आणि वारा नुसता पडलाय की खरंच फिरलाय, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

भाऊ, हेडर मोजायचा तो सरासरी वाऱ्यापासून, मागच्या क्षणापासून नाही. स्टार्टच्या आधी वीसेक मिनिटं, दर दोन-तीन मिनिटांनी क्लोज-हॉल्ड (वाऱ्याच्या दिशेला जमेल तितकं जवळ) चालवून दोन्ही टॅकचे (वारा उजवीकडून तो स्टारबोर्ड, डावीकडून तो पोर्ट) कंपास आकडे डेकवर ग्रीस पेन्सिलने लिहा. समजा वारा २६० ते २८० मध्ये झुलतोय. मग सरासरी २७०, आणि बोट वाऱ्यापासून ४५ अंशांवर चालते असं धरलं तर स्टारबोर्डचा मधला आकडा २२५, पोर्टचा ३१५. स्टारबोर्डवर आकडा वाढला तर लिफ्ट, पोर्टवर वाढला तर हेडर. २३५ वरून २२८ वर आलात तर नाक खाली आलं खरं, पण तुम्ही अजून लिफ्टवरच आहात. तिथे टॅक केला की थेट हेडर झालेल्या टॅकवर जाऊन बसता. २२५ च्या खाली गेल्यावरच विचार करायचा.

आता खर्च. १०० मीटर चालल्यावर १० अंश लिफ्टवर तुम्ही वाऱ्याच्या दिशेने साधारण ८२ मीटर वर चढता, १० अंश हेडरवर फक्त ५७. ५ अंशांना हे आकडे ७७ आणि ६४. एंटरप्राइज ४ मीटरची. एका टॅकला दोन बोटलांबी गेल्या धरा, म्हणजे ८ मीटर. तेवढे भरून काढायला १० अंशांचा फरक ३०-३५ मीटर टिकायला हवा, ५ अंशांचा ६० च्या पुढे. चार नॉट वेगात ६० मीटर म्हणजे अर्धा मिनिट. परत टॅक करावा लागणार असेल तर दुप्पट. तलावावरचे पाच अंशांचे झटके बहुतेक तेवढे टिकतच नाहीत, म्हणून ते सोडून द्यावेत.

प्रतिसाद २

वारा पडला तर बोटीच्या स्वतःच्या वेगामुळे भासणारा वारा पुढे सरकतो. जिबची (पुढच्या शिडाची) कड फडफडते, बोट सरळ होते, सगळं हेडरसारखंच. अशा वेळी दिशा धरून ठेवायची, क्रूने आत सरकायचं आणि मनात चार-पाच मोजायचे. वेग उतरला की त्याच दिशेवर टेलटेल (शिडावरचे वारा दाखवणारे दोरे) पुन्हा बसले, तर वारा फिरलेला नव्हता. वेग उतरूनही नाक खाली नेल्याशिवाय शीड भरत नसेल, तर तो खरा हेडर. पुढचं पाणीही पाहा: गुळगुळीत पट्टा असेल तर वारा पडलाय. पडलेल्या वाऱ्यात टॅक केला तर बोट मधेच उभी राहते, हे नुकसान सर्वांत मोठं.

कंपास नसेल तर दूरच्या काठावरची उंच इमारत धरा. जवळचं झाड नको, बोट सरकली की त्याची दिशाही बदलते. आणि झाडांच्या काठाखाली, उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत वारा फाटलेला असतो. तिथल्या आकड्यांवर सरासरी काढू नका.

प्रश्नकर्ता

खूप आभार, उद्यापासून आकडे लिहून घेतो. हीच पोरं पुढे मुंबईत समुद्रावर उतरली तर हाच नियम चालेल का?

प्रतिसाद १

सरसकट नाही. दुपारचा समुद्री वारा अनेकदा हळूहळू उजवीकडे सरकत जातो आणि परत येत नाही. तिथे पहिल्या हेडरवर टॅक केला तर पुढचा सगळा वळणाचा फायदा उजवीकडच्या बोटींना जातो. वारा एकाच बाजूला जातोय हे आकड्यांत दिसलं, तर हेडर सोसून आधी त्याच बाजूला जायचं, मग टॅक. फक्त लेलाइनच्या (जिथून आणखी टॅक न करता मार्क, म्हणजे शर्यतीचा बोया, गाठता येतो त्या रेषेच्या) आत राहा. तिथे पोचल्यावर आलेली लिफ्ट वाया जाते. भरती-ओहोटीच्या प्रवाहाचा हिशेब वेगळा.

प्रतिसाद २

वाऱ्याबरोबर परतताना मात्र उलटं: लिफ्ट आली की जाइब (बोटीची मागची बाजू वाऱ्यातून फिरवून बाजू बदलणं), हेडरवर चालत राहायचं. हेडरमध्ये मार्ककडे जास्त खाली उतरता येतं.