मदत हवी आहे : ओकच्या फळांच्या सात बादल्यांचे काय करावे?

न्यू जर्सीतील आमच्या घरामागे रेड ओकची दोन जुनी झाडे असून, यंदा त्यांना इतका बहर आला आहे की हिरवळीवर चालताना पायाखाली गोट्या पसरल्यासारख्या वाटतात. दाताळ्याने ओढल्यास निम्मी फळे गवतात रुततात आणि ब्लोअरने केवळ पाने उडतात. तारेच्या फिरत्या पिंजऱ्याने मात्र सात बादल्या भरल्या. (खारींनी तेवढीच आमच्या कुंड्यांत पुरली असावीत.) त्यांतील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ती कुत्र्याला बाधतात, म्हणून अंगणात ठेवता येत नाहीत, आणि झाडे तोडायची नाहीत. रेड ओकची फळे वसंत ऋतूत रुजतात. तेव्हा ती अख्खीच कंपोस्टमध्ये घातल्यास तिथे उगवतील का, की आधी ठेचून घालणे आवश्यक आहे?