अढळ की अटळ? फरक उरलाय की नाही?

शब्दवेडी: एका लेखात वाचलं, 'आमचा तुमच्यावर अटळ विश्वास आहे.' खाली शंका विचारली, तर लेखकाचं उत्तर: 'अढळ काय, अटळ काय, भावना पोचली ना?' नाही पोचली! ढळत नाही ते अढळ, टळत नाही ते अटळ. श्रद्धा अढळ, मरण अटळ. माझे वडील गेले तेव्हा श्रद्धांजलीत 'त्यांची अटळ निष्ठा' असं छापून आलं. माणसाने चाळीस वर्षं स्वतःहून जपलेली निष्ठा, आणि वाचणाऱ्याला वाटावं की ती त्यांना चुकवता आली नाही. अजून सलतं ते.

मुसाफिर: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण हिंदीत अटल म्हणजे ठामच. माझं शिक्षण हिंदीतून झालं, तोंडात 'अटळ' सहज येतं. दोन ओळी लिहिल्या की कुणीतरी लाल पेन घेऊन हजर. अशानेच लोक मराठीत लिहायचं सोडतात.

शब्दवेडी: हिंदीत टलना म्हणजे जागचं हलणंसुद्धा, म्हणून तिथे ते बरोबर. मराठीत संकट टळतं आणि तोल ढळतो. 'तोल टळला' म्हणाल?

खडूफळा: ठाम आणि खंबीरचंही तेच चाललंय. मत ठाम असतं, माणूस खंबीर. 'खंबीर मत' वाचून डोकं उठतं.

आकाशदर्शी: मुळात अढळ आहे तरी काय? ध्रुवाला अढळपद मिळालं म्हणतो, पण आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं, त्या ध्रुवबिंदूवर आजचा ध्रुवतारा नेमका नाहीच, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो आणि सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पुरी करतो, म्हणून ध्रुवतारा बदलत राहतो. साधारण ४,७०० वर्षांपूर्वी ठुबान हा ध्रुवतारा होता. आणखी १२,००० वर्षांनी अभिजित तारा त्या बाजूला येईल.

शब्दवेडी: विषय काय, तुम्ही निघालात कुठे!

मुसाफिर: मुद्द्याचंच बोलले ते. ध्रुव ढळतो, मग शब्दाचा अर्थ ढळला तर एवढा आरडाओरडा कशाला?

आकाशदर्शी: माझ्या ताऱ्यांवर तुमची चूक खपवू नका. ध्रुव ढळतो हे सांगायलाही 'ढळतो'च लागतं. 'ध्रुव टळतो' म्हटलं तर कुणाला काय कळेल?

मुसाफिर: बरं. विश्वास 'अढळ' लिहीन. पण 'अटळ निर्णय' सोडणार नाही. घ्यावाच लागला तो निर्णय टळला नाही, एवढं तर खरं ना?

शब्दवेडी: त्या अर्थाने असेल तर लिहा. निष्ठेला मात्र तो शब्द लावू नका.