अनुभव धागा: रीमेक मूळ गेमचा मान राखतात की त्याची जागा घेतात?

जुन्या गेमचे रीमेक, म्हणजे तोच गेम नव्याने घडवलेल्या आवृत्त्या, आता इतक्या सातत्याने येत आहेत की मूळ गेम कधीही न खेळता थेट नव्या आवृत्तीपासूनच सुरुवात केलेले खेळाडू सर्रास भेटतात. अशा आवृत्तीमुळे मूळ गेमचा मान राखला जातो की तो तिच्याआड झाकला जातो, याविषयी दोन्ही रूपे खेळलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे. केवळ चित्रे आणि आवाज सुधारलेल्या रीमास्टरविषयी लिहिले तरी चालेल. मात्र नेमके काय बदलले आणि त्यामुळे खेळताना काय फरक पडला, हे जरूर सांगावे. सुरुवात मीच करतो.

१९९८ चा 'रेसिडेंट ईव्हल २' आणि त्याचा २०१९ चा रीमेक हे दोन्ही मी मनापासून खेळलो आहे. मूळ गेममध्ये कॅमेरा ठरावीक जागी खिळलेला असे, त्यामुळे कोपऱ्यापलीकडच्या झोंबीचे कण्हणे आधी ऐकू येई आणि तो नंतर दिसे. रीमेकमध्ये कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आल्याने ही भीती ओसरली. तिच्या जागी पाठलाग करणाऱ्या मिस्टर एक्सच्या जड पावलांचा आवाज आला आणि तोही अंगावर काटा आणतो, हे मान्य करायलाच हवे. मला खटकते ती गोष्ट वेगळी आहे. मूळ गेममध्ये लिऑन आणि क्लेअर या दोन पात्रांच्या खेळी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. पहिल्या खेळीत शस्त्रांच्या कोठारातून सबमशीनगन किंवा जादा सामान बाळगण्याची पिशवी उचलली, तर दुसऱ्या खेळीत दुसऱ्या पात्राला ती वस्तू मिळत नसे, त्यामुळे तिथे उभे राहून पुढचा विचार करावा लागे. रीमेकमध्ये ही गुंफण जवळजवळ नाहीशी झाली असून दोघेही बरेचसे तेच शत्रू त्याच क्रमाने मारतात. खेळ म्हणून रीमेक सरस आहे, असे माझे मत आहे. मात्र ही रचना काय होती हे त्यावरून कोणालाही कळणार नाही.

*

माझा अनुभव फक्त एका उडीचा आहे. 'क्रॅश बँडिकूट' चे पहिले तीन गेम २०१७ मध्ये एकत्रितपणे नव्याने आले, तेव्हा पहिल्या गेममधल्या दोरांच्या पुलावर मी वारंवार पडू लागलो. हातांना सवय असलेली उडीच बदलली होती: क्रॅश या नायकाभोवतीचा, टक्कर ओळखणारा अदृश्य आकार आता खाली गोलसर झाल्याने फळीच्या कडेवर पाय पडला तरी तो निसटत असे. उडीत फरक असल्याचे निर्मात्यांनीही नंतर मान्य केले. दिसायला सगळे जिथल्या तिथे होते, म्हणूनच चिडचिड अधिक झाली.

*

वरच्या अनुभवाच्या नेमका उलट प्रकार मी 'हेलो' च्या २०११ च्या आवृत्तीत पाहिला. तिथे एक बटण दाबले की २००१ चे रूप दिसते आणि पुन्हा दाबले की नवे. आत मूळचाच गेम चालू असल्याने नव्याने रंगवलेली जमीन आणि खडक काही ठिकाणी नुसता पोशाख ठरतात आणि समोर काहीही नसताना गोळी हवेतच अडते. दलदलीच्या टप्प्यात मी बहुतेक वेळ जुन्या रूपातच राहिलो, कारण तिथला गढूळ काळोख नव्या, उजळ झाडीत हरवला आहे. ही तुलना खेळाडूच्या हाती देणे हाच मला मान राखण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो.

*

चर्चा उडी आणि कॅमेऱ्यावरच थांबू नये, म्हणून लिहीत आहे. माझ्या मते जागा घेण्याचे काम रीमेक करत नाही, ते विक्रीचे धोरण करते. २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट ३' ची नवी आवृत्ती आली, तेव्हा २००२ च्या गेमचे ऑनलाइन खेळणेही त्याच नव्या प्रोग्रॅममधून होऊ लागले आणि मूळ गेममधल्या क्रमवारीसारख्या सोयी सुरुवातीला त्यात नव्हत्या. म्हणजे ज्यांनी नवी आवृत्ती विकत घेतलीच नाही, त्यांचाही गेम बदलला. २०२१ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो' च्या तीन गेमचे रीमास्टर येण्याआधी मूळ गेम डिजिटल दुकानांतून काढून घेण्यात आले होते आणि खेळाडूंनी टीकेची झोड उठवल्यावर ते पीसीवर परत उपलब्ध करण्यात आले. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' ने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी तिथे प्रकाशित झालेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के गेम आज बाजारात विक्रीला नसल्याचे आढळले. मूळ गेम अशा अवस्थेत असताना रीमेक कितीही निष्ठेने केला, तरी तो एकटाच उरतो. याउलट १९९८ चा 'हाफ-लाइफ' पाहा. चाहत्यांनी घडवलेला त्याचा रीमेक, 'ब्लॅक मेसा', २०२० मध्ये पूर्ण झाला, तो मूळ गेमच्या निर्मात्यांच्या संमतीने विकला जातो आणि मूळ गेमलाही २०२३ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त नवी सुधारणा मिळाली. तिथे मान की जागा, हा प्रश्नच उद्भवत नाही. (पहिल्या अनुभवातला मूळ गेमही २०२४ मध्ये पीसीसाठी पुन्हा विक्रीला आला आहे, हे तिथे नमूद व्हायला हवे होते.)

*

मी उलट्या दिशेने आलो. 'फायनल फँटसी ७' चा २०२० चा रीमेक मी आधी खेळलो आणि १९९७ चा गेम नंतर. मिडगार शहरातला जो भाग मूळ गेममध्ये काही तासांत संपतो, त्यावर रीमेकचा पहिला संपूर्ण गेम उभा आहे. त्यात काही सावल्यांसारखी पात्रे ऐनवेळी आडवी येतात, ती का येतात याचा मला अजिबात उलगडा झाला नव्हता. मूळ गेम खेळल्यावर कळले की कथा जुन्या वाटेवरून ढळू लागली की त्या तिला मागे खेचतात. जुनी वाट ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या केवळ गोंधळात टाकतात. म्हणजे हा रीमेक स्वतःच मूळ गेमवर अवलंबून आहे आणि त्याची जागा घेणे त्याला परवडणारच नाही. २०२४ चा दुसरा भाग ज्यांनी मूळ गेम न खेळता पूर्ण केला असेल, त्यांना शेवट कितपत समजला हे वाचायला आवडेल. मात्र कथा उघड होणार नाही, एवढी काळजी घ्यावी.