डिपॉझिट मागितलं तर “सोयाबीन निघाल्यावर या”, हे बरोबर आहे का?

आरोग्य सेविका, दारव्हा तालुका
मे अखेर बदली झाली. खोली रिकामी केली, झाडून-पुसून किल्ली घरमालक काकांच्या हातात दिली. तीन वर्षांपूर्वी दिलेले डिपॉझिटचे १२ हजार मागितले तर म्हणाले, “बियाण्या-खतात गेले, सोयाबीन निघालं की घेऊन जा.” म्हणजे थेट दिवाळी. भाडं एकदाही थकवलं नाही, लाइटबिल भरून पावती दिली. डिपॉझिट ही त्यांच्याकडे ठेवलेली माझी रक्कम आहे, पेरणीचं भांडवल नाही. नव्या गावात मला पुन्हा डिपॉझिट भरावं लागलं, ते मी कुठून आणायचं?

शेतकरी, घरमालक
बाई, मीबी दुसऱ्या गावचा घरवालाच आहो म्हणून सांगतो. गावात खोलीचे पैसे कोणी येगळे काढून ठेवत नाही. पाऊस पडला की घरात जे असन ते वावरात जाते. पीककर्ज टाइमावर भेटलं नाही तर सावकाराच्या दारात जावं का? ते नाही म्हणून नाही रायले, चार महिने थांबा म्हणते. अन् भितीचं काय? खिडकीले कूलर लागते, तीन उन्हाळे पाणी मुरलं की पोपडे निघते. रंगाऱ्याचे पैसे कोण देइन?

शिक्षक, दिग्रस
दादा, पेरणीची अडचण खरी आहे, पण ती भाडेकरूच्या पैशातून परस्पर भागवायची नसते. उसने हवे होते तर मागायचे. भिंतीचं म्हणाल तर तीन वर्षांत रंग उडणं हा वापराचा भाग आहे. कूलरच्या पाण्यानं भिंत फुगली असेल तर तेवढ्या भिंतीचा खर्च ताईंनी द्यावा, हे मला मान्य आहे. पण तो किल्ली घेताना भिंत दाखवून सांगायचा. इथे काकांनी भिंतीचा विषयच काढलेला नाही.

वकील, यवतमाळ
करारनामा झाला होता का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. तो नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. मात्र हा कायदा त्याच्याच अनुसूचीत, म्हणजे जोडलेल्या यादीत, दिलेल्या क्षेत्रांपुरता आहे, तुमचं गाव त्यात येतं का ते आधी पाहा. नसेल तरी येणं ते येणंच. वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि दावा न लावताही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं.

ग्रामपंचायत सदस्य
१२ हजारांसाठी कोर्ट? उद्या गावात कोणी नर्सला खोली देणार नाही. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहा म्हणून वरून दबाव, आणि राहायला खोली नाही, असं होईल. चार माणसं बसवा, मिटवा.

आरोग्य सेविका, दारव्हा तालुका
करारनामा नाही. पण पैसे खात्यातून दिले होते, पासबुकात नोंद आहे. सदस्यसाहेब, पुढच्या बाईला खोली मिळावी म्हणून मी माझे पैसे सोडू का? याच काका-काकूंच्या दोन्ही नातवंडांना मी डोस पाजले, मलाही भांडायचं नाही. रविवारी जाते, तुम्ही चार माणसं बसवाच. सहा हजार आत्ता आणि सहा दसऱ्याला, असं तारीख टाकून सहीनिशी लिहून दिलं तर थांबते. नाही दिलं तर सोमवारी समितीत अर्ज.

शेतकरी, घरमालक
सहा-सहाचं बरोबर आहे. पण भीत पाहून घ्या बाई, त्याईच्या समोर.