मदत हवी आहे: आई-बाबांना डार्लिंग्टनची सदर्न ५०० दाखवायचीय

मंडळी, आम्ही अमेरिकेत शार्लटला राहतो. सांगलीहून आई-बाबा आलेत. बाबांचा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला, त्यामुळे साउथ कॅरोलिनातल्या डार्लिंग्टनची, लेबर डेच्या (इथली सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी) आदल्या रविवारची ही नॅसकार मोटारशर्यत त्यांना बघायचीच आहे. १९५० साली सुरू झालेला ट्रॅक, तोही अंड्याच्या आकाराचा! शेजारच्या मासळीच्या तळ्याला धक्का लावायचा नाही म्हणून एक टोक निमुळतं ठेवलं म्हणे. बांधावरून भावकीतल्या कोर्टकचेऱ्या पाहिलेला माणूस, त्यांना याचंच अप्रूप.

तर, गाड्या भिंतीला घासून अंगावर 'डार्लिंग्टन स्ट्राइप' म्हणजे घासल्याचा पट्टा ओढून घेतात, ते नीट दिसायला कुठं बसावं? शर्यत संध्याकाळी सुरू होते, मावळतीचं ऊन डोळ्यांवर नको. आईच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत, पण अगदी खालच्या रांगेत जाळीतून काय दिसणार? बाबांना कानाचं यंत्र आहे. ते काढून इअरमफ लावले तर ३६७ फेऱ्यांचा आवाज सोसेल का? कुणी वडीलधाऱ्यांना नेलंय का?

आणि हो, दशम्या-चटणीचा डबा गेटवर अडवतात का? आई त्याशिवाय निघायची नाही.