शाळेसाठी पाण्यात चालणारा कॅमेरा मिळालाय, खडपात न्यायच्या आधी काय काय बघू?

खडपातली_बाई

नमस्कार मंडळी. रत्नागिरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. शाळेच्या मागची वाट उतरली की खडप, म्हणजे खडकाळ किनारा, लागतं, तरी समुद्रफूल (सी ॲनिमोन हा समुद्री प्राणी) शिकवताना मी ते फळ्यावरच काढते. सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, खडपात जी पाण्याची डबकी उरतात, त्यांत हे सगळं जिवंत असतं. मुलांनी ते तिथेच बघावं, त्याचे फोटो काढावेत आणि मग वर्गात मोठं करून त्यावर बोलावं, असं फार दिवस मनात होतं.

यंदा माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला ऑलिम्पसचा टफ टीजी-६ घेऊन दिला. वापरलेला आहे. खोकं नाही, पावती नाही, आधी कुठे आणि किती वापरला ते कळायला मार्ग नाही. पंधरा मीटरपर्यंत चालतो म्हणतात. आम्हाला गुडघाभर पाण्यापलीकडे जायचंच नाही. येत्या अमावास्येच्या सुकतीला नववीला घेऊन जायचं ठरतंय. कॅमेरा मुलांच्याच हातात देणार आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पाणी आत जातं का, हे कॅमेरा पणाला न लावता तपासता येतं का? घरी आल्यावर नळाखाली धुतला की पुरे का? आणि दाराच्या रबराला ग्रीस किंवा व्हॅसलिन लावून ठेवा असं एका पालकांनी सांगितलं, ते करू का? शाळेला दुसरा कॅमेरा मिळणार नाही, म्हणून एवढं खोदून विचारतेय.

जुना_कारागीर

बाई, कॅमेरा मुलांच्या हातात देताय हे वाचून फार बरं वाटलं. तुमच्या प्रश्नांची नीट उत्तरं देतो, थोडं लांबेल.

माझी सगळी हयात मुंबईत कॅमेरे दुरुस्त करण्यात गेली. पाण्यात चालणारे छोटे डिजिटल कॅमेरे टेबलावर नेमाने यायला लागले ते २००६ नंतर. ऑलिम्पसचाच म्यू ७२० एसडब्ल्यू त्या वर्षी आला होता, तीन मीटर खोलीचा. तेव्हापासून जे भिजलेले कॅमेरे उघडले त्यांत खोल पाण्याच्या दाबाने गेलेला क्वचितच निघाला. बाकी सगळे गेले ते दारातून, नाहीतर मिठाने. म्हणून खोलीचा आकडा तुम्ही डोक्यातून काढून टाका आणि सगळं लक्ष दारांवर ठेवा.

तुमच्या कॅमेऱ्याला दोन दारं आहेत. खालचं बॅटरी आणि कार्डाचं, बाजूचं केबल जोडायचं. दोन्हींना खटका आणि वर वेगळं कुलूप आहे. बाजूचं दार लोक विसरतात, कारण चार्जिंग तिथून होतं आणि चार्जिंग झालं की दार नुसतं लोटलं जातं.

आता दार उघडून उजेडात धरा. आतल्या कडेने रबराची पट्टी फिरलेली दिसेल आणि ती जिथे टेकते तिथे गुळगुळीत काठ असेल. या दोन्हींवर भिंग धरून बघा. मी बघायचो तेव्हा बहुतेक वेळा सापडायचा तो एक केस, किंवा रुमालाचा धागा, किंवा वाळूचा एकच कण. केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, पण तो रबरावर आडवा पडला की त्याच्या दोन्ही अंगांना पाण्याला वाट मिळते. गुडघाभर पाणी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. खोल पाण्यात दाबाने दार रबरावर आणखी घट्ट बसतं, उथळ पाण्यात तेवढीही मदत नसते.

साफ करायला दाबला की हवा सोडणारा रबरी फुगा वापरा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब जातात. नंतर धागे न सोडणारं मऊ कोरडं कापड. स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर रबराजवळ नेऊ नका. रबरावर चीर, खाच किंवा कायमची चपटी रेघ दिसली तर कॅमेरा पाण्यात घालू नका, आधी रबर बदलून घ्या.

आता तपासणी. बॅटरी आणि कार्ड काढून ठेवा. बॅटरीच्या खणात पातळ टिशू पेपरची घडी अशी ठेवा की तिचा एकही कोपरा रबरावर येणार नाही. दोन्ही दारं लावा, कुलपं सरकवा, कॅमेरा पाण्याच्या बादलीत तळाशी अर्धा तास ठेवा. त्या वेळात बाहेर येणारे बुडबुडे बघा. पाण्यात घातल्याबरोबर सांदीतून दोनचार सुटतात, त्यांचं काही नाही. एकाच जागेहून ओळीने येत राहिले तर लगेच बाहेर काढा. अर्ध्या तासाने कॅमेरा बाहेरून पूर्ण कोरडा करा, दार खाली तोंड करून उघडा आणि टिशू बोटांत चोळून बघा. ओलसर लागला तर रबर गेलं. बॅटरी आत नसल्यामुळे थोडं पाणी गेलं तरी सर्किट बहुधा वाचतं. यात बॅटरीचंच दार कळतं आणि तेही बादलीच्या खोलीपुरतं. पण तुमचं काम तेवढ्याच पाण्यात आहे.

ग्रीसचं उत्तर: नको. ग्रीस लावतात ते कॅमेरा ज्या वेगळ्या पेटीत घालून खोल नेतात तिच्या गोल रबराला. तुमच्या कॅमेऱ्याचं रबर कोरडंच ठेवायचं. ग्रीसला वाळू चिकटते, आणि व्हॅसलिन तर पेट्रोलियमचंच, त्याने काही रबरं फुगतात. मुलांच्या हाताला खोबरेल किंवा सनस्क्रीन असेल तर त्या हाताने दार उघडू देऊ नका.

नळाचं पण नको. नळाची धार एका जागी जोरात बसते आणि मीठ निघतं ते मुरवल्याने. बादलीत गोडं पाणी घ्या, दारं बंद ठेवून कॅमेरा दहाएक मिनिटं बुडवून ठेवा, आणि त्या वेळात पाण्याखालीच प्रत्येक बटण पुन्हा पुन्हा दाबा, झूमची दांडी हलवा. बटणाच्या कडेला अडकलेलं खारं पाणी तसंच सुटतं. भिंगाभोवतीची कडी फिरवून काढा, तिच्याखाली वाळू बसते. मग पुसून सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. वाळल्यावर बटणाभोवती पांढरी रेघ दिसली तर पुन्हा बादली. तो मिठाचा खडा आहे, त्याची धार रबराला कापते.

हे सगळं खडपावरून घरी येईपर्यंत लांबवू नका. प्लास्टिकच्या डब्यात गोडं पाणी बरोबर न्या आणि कॅमेरा त्यातच बुडवून शाळेत आणा. मीठ एकदा वाळलं की काढायला दुप्पट कष्ट.

आणि एक, जे कोणी सांगत नाही. कॅमेरा उन्हात गाडीच्या डिकीत तापू देऊ नका. आतली हवा पन्नास अंशांवर असताना तो अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात घातलात, तर आतला दाब साधारण सात टक्क्यांनी उतरतो. म्हणजे पाऊण मीटर खोल गेल्यासारखं पाणी आत ओढलं जातं, तेही हातभर पाण्यात. शिवाय किनाऱ्यावरच्या दमट हवेत दार उघडून बंद केलंत तर ती हवा आत कोंडली जाते आणि गार झाली की भिंगाला आतून वाफ धरते. म्हणून बॅटरी पूर्ण भरून आणि रिकामं कार्ड घालून दारं शाळेतच बंद करा. खडपावर दार उघडायचंच नाही, हा नियम मुलांना पाठ करून द्या.

आपल्या जिल्ह्यात उन्हवरे, तुरळ इथे गरम पाण्याचे झरे आहेत. सहलीत तिथे कॅमेरा पाण्यात घालायचा मोह होईल. घालू नका, ४० अंशांपलीकडचं पाणी या कॅमेऱ्यांसाठी नाही.

मालवणची_लाट

कारागीर काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी सिंधुदुर्ग किल्ल्यामागे स्नॉर्केलिंगला लोकांना घेऊन जातो, फोटोचं तेवढं सांगतो.

पाण्याखालच्या फोटोत लाल रंग उडतो आणि सगळं हिरवंनिळं दिसतं, ही अडचण चार-पाच मीटर खाली गेल्यावरची. तुमच्या डबक्यात वीतभर पाणी, तिथे पाण्याखालचा मोड लावलात तर उलट लालसर फोटो येतील. साधा मोड ठेवा. टीजी-६ मध्ये मायक्रोस्कोप मोड आहे, भिंगापासून एक सेंटिमीटरवर फोकस होतो. समुद्रफुलाचे तंतू एकेक दिसतील.

कॅमेरा एकतर पूर्ण पाण्यात किंवा पूर्ण बाहेर. काच अर्धी बुडवली की प्रत्येक तरंगाने चित्र हलतं. पाण्यात घातल्यावर काचेवर बुडबुडे धरतात, ते बोटाने पुसा, मग फोटो. फ्लॅश बंद ठेवा, गढूळ पाण्यात कण उजळतात आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात.

पट्ट्याला तरंगणारा फोम लावा, भडक नारिंगी रंगाचा. कॅमेरा पाव किलोचा आहे, सुटला की तळाशी. आमच्याकडे असे खूप गेले, आणि पाण्यात चालणारा होता म्हणून कोणाचा परत मिळाला नाही.

भरती_ओहोटी

बाई, वेळेचं बघितलंत ना? अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे सुकती पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी. आमच्याकडे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढतात. तारीख ठरली की छापील तक्ता मात्र बघा. पाणी पूर्ण उतरायच्या तासभर आधी खडपात पोचा आणि पाणी फिरलं की बाहेर पडा. मुलं फोटोत रमली की पाठीमागून पाणी कधी चढतं ते कळत नाही.

उलटवलेला दगड होता तसाच ठेवायला लावा. खालच्या बाजूला अंडी, स्पंज असतात, उन्हात पडले की मरतात. शंकूसारखे नक्षीदार शंख जिवंत असतील तर हातात घेऊ नका, त्यांचा दंश विषारी असतो.

खडपातली_बाई

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काका, टिशूची तपासणी आज शाळा सुटल्यावर केली. घडी कोरडी निघाली. बुडबुडे सुरुवातीला तीन-चार आले, मग काही नाही. पण भिंगातून बघताना बाजूच्या दाराच्या रबरावर कोपऱ्यात बारीक चपटी रेघ दिसतेय. चीर नाही, नखाला लागत नाही. नवं रबर ऑनलाइन मिळतंय, आमचे शिपाईदादा हाताने कुशल आहेत. घरीच बदलू का? आणि सुट्टीत कॅमेरा कुठे ठेवू, शाळेची कपाटं पावसात बुरशी धरतात.

जुना_कारागीर

घरी बदलू नका. रबर बसवणं हे अर्धंच काम आहे. बसवल्यावर दाबाच्या यंत्रात घालून कॅमेऱ्यातून हवा कुठे झिरपते का ते बघावं लागतं, आणि ते यंत्र सेवा केंद्रातच असतं. कंपनीही रबर वर्षातून एकदा बदलून घ्या म्हणते. तुमच्याकडे इतिहास माहीत नसलेला कॅमेरा आहे, तेव्हा हा खर्च पहिल्यांदाच करून टाका. पाठवताना चिठ्ठीत स्पष्ट लिहा: दोन्ही दारांची रबरं आणि दाबाची तपासणी. नुसतं सर्व्हिसिंग लिहिलंत तर पुसून परत येईल.

तोवर ही अमावास्या चुकवू नका. डबक्याच्या वरून फोटो काढा, मायक्रोस्कोप मोड पाण्याबाहेरही तितकाच चालतो. पाणी उडालं तरी हरकत नाही, फक्त बुडवू नका.

ठेवायचं म्हणाल तर घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) आणि वीस-पंचवीस मिलिमीटरचं छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं, पण निळं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं, ते विषारी. नारिंगी घ्या. बॅटरी काढून वेगळी ठेवा, साधारण अर्धी भरलेली. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून झूम आणि बटणं चालवून बघा.

आणि देव न करो, पण कधी आत पाणी गेलंच, तर चालू होतो का बघायला बटण दाबू नका. बॅटरी ताबडतोब काढा. ती आत असली की खाऱ्या पाण्यातून वीज वाहते आणि तांब्याच्या रेषा काही तासांत खाऊन टाकते. तांदळात ठेवायला सांगणारे भेटतील. तांदूळ मीठ काढत नाही, आणि त्याची पूड बटणात जाते. बॅटरी नसलेला कॅमेरा कापडात गुंडाळून त्याच दिवशी केंद्राकडे पाठवा, आणि समुद्राचं पाणी गेलंय हे आवर्जून सांगा, म्हणजे ते उघडून आधी मीठ धुतील.